खाड्याचं कलम

"आपलं घरचंच काम आहे," असं कोणी म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. घरचं काम म्हणजे भांडी, कपडे आणि सासूबाईंचा चष्मा शोधणं. दुकानाच्या पाटीवर, मसाल्याच्या पाकिटावर, तेलाच्या बाटलीवर काय दिसावं ते ठरवून काढून देणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. मी सुमैरा. सावेडीतल्या आमच्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत बसून डिझाइनं करते. मला साहेब नाही, ऑफिस नाही, महिन्याचा पगार नाही. आणि साहेब नसला की लोकांना वाटतं, बाई मोकळीच आहे.

म्हणून मी करार करते. साध्या मराठीतला, दोन पानांचा. त्यातलं एकेक कलम म्हणजे एकेका गिऱ्हाइकाची आठवण आहे. 'नमुने तीनच दाखवले जातील' हे एका बेकरीवाल्याच्या कृपेने आलं. त्याला प्रत्येक नमुना आवडायचा, आणि प्रत्येक वेळी तो म्हणायचा, "अजून एक बघू ना." बघता बघता त्याची बेकरीच बंद पडली. 'तोंडी "चालेल" म्हणजे मंजुरी नव्हे' हे एका क्लासवाल्या सरांमुळे. सर "चालेल" म्हणाले, मी काम संपवलं, पत्रकं छापून आली, आणि मग सर म्हणतात कसे, "मी चालेल म्हटलं होतं, आवडलं कुठं म्हटलं होतं?" एका हॉटेलवाल्याने तर माझा नमुना नापसंत म्हणून परत केला आणि पुढे तोच, नुसता रंग बदलून, आपल्या पाटीवर लावला. मी भर रस्त्यात स्कूटर थांबवून त्याच्या नावाने ओरडले होते. माझा नवरा इम्रान मागे बसला होता. त्याने हेल्मेट काढलंच नाही.

करार पुढे केला की लोकांची तोंडं उतरतात. "विश्वास नाही का आमच्यावर?" यावर माझं उत्तर ठरलेलं आहे. "आमच्यात लग्नसुद्धा कागदावर होतं. साक्षीदारांसमोर विचारतात, कबूल आहे का म्हणून. तेव्हा कोणी नवऱ्याला विचारत नाही, तुझा विश्वास नाही का." बहुतेक जण हसतात आणि सही करतात. जे हसत नाहीत त्यांचं काम मी घेत नाही.

साळूबाई हसल्या नाहीत. तरीही त्यांचं काम मी घेतलं, आणि त्याबद्दल मी रोज शुक्र मानते.

त्यांचा शेवगावजवळ लाकडी घाणा आहे. करडईचं आणि शेंगदाण्याचं तेल काढतात. आतापर्यंत तेल डब्यातून, ओळखीपाळखीत जायचं. आता त्यांच्या मुलाला, गोरक्षनाथला, ते बाटल्यांत भरून नगरच्या दुकानांत ठेवायचं होतं, तेही दिवाळीच्या फराळाआधी. बाटलीला लेबल हवं होतं. त्याने मोबाईलवर माझं काम पाहिलं आणि फोन केला. ज्येष्ठातल्या एका दुपारी दोघं मायलेक टेम्पो घेऊन आमच्या दारात आले. साळूबाई पुढे, मागून डबा सांभाळत गोरक्षनाथ. साठीच्या आसपासची बाई, उंचपुरी, नऊवारी, पायात पुरुषी चपला. बसायच्या आधी त्यांनी खोलीचा कोपरा न् कोपरा बघून घेतला.

मी करार दिला. त्यांनी तो मुलाकडून मोठ्याने वाचून घेतला. अधूनमधून "फिरून वाच" म्हणायच्या. 'चालेल'वालं कलम ऐकून मान डोलवली. मी निकाहाचं ठरलेलं वाक्य टाकलं, तर माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. माझा विनोद असा सपशेल वाया गेलेला मला सहन होत नाही.

वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "सगळं ब्येस हाय. पर ह्यात खाड्याचं काय?"

माझं टाळकंच फिरलं. खाडा हा शब्द आमच्या सोसायटीत रोज ऐकू येतो. कामवाली आली नाही की बायका जिन्यात उभ्या राहून बोलतात, हिने या महिन्यात किती खाडे केले, किती कापायचे. म्हणजे ही बाई माझे खाडे मोजणार!

"मावशी," मी म्हटलं, "मी काही रोजंदारीवर नाही. माझे खाडे धरायचे असतील तर तुम्ही दुसरं कोणीतरी बघा."

गोरक्षनाथ गडबडला. "आये, आगं मॅडम डिझाइनर हायेत..."

साळूबाईंना काही राग आला नाही. "आवो, धरायचं न्हाई म्हनते म्या. तेच लिवा. तुमी तुमच्या बाजूनं बेकरीवाला लिवला, हाटेलवाला लिवला. सोता आजारी पडल्या तर काय, ते कुटं लिवलंय?"

मी करार उलटापालटा करून पाहिला. खरंच नव्हतं. गिऱ्हाइकं काय काय करू शकतात याचा मी इतका विचार केला होता की मी आजारी पडू शकते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"लिवा," त्या म्हणाल्या, आणि सांगू लागल्या. मी लॅपटॉप उघडून त्यांचं बोलणं माझ्या भाषेत उतरवलं. काम करणारी बाई आजारी पडली किंवा तिच्या घरात आजारपण निघालं, तर काम थांबेल. त्याचा खाडा धरला जाणार नाही. काम दुसऱ्याला दिलं जाणार नाही. आणि आजारपणात तिनेही कामाला हात लावायचा नाही. लावल्यास ते काम घेतलं जाणार नाही.

"हे शेवटचं कशाला?" मी विचारलं.

"आसू द्या. कागुद दोन्ही अंगानं बोलला पायजे."

"आये, दिवाळी हाय तोंडावर," गोरक्षनाथ पुटपुटला. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. साळूबाईंनी एकेक अक्षर दाबून सही केली आणि पेन पदराला पुसून मला परत दिलं.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. मला तेव्हा दिवस गेलेले होते. ते इम्रानला, माझ्या सासूबाईंना म्हणजे बानू अम्मींना आणि डॉक्टरीणबाईंना सोडून कोणालाच माहीत नव्हतं. आदल्या वर्षीही असेच दिवस गेले होते. तेव्हा आम्ही हौसेने सगळ्यांना सांगून मोकळे झालो, आणि मग ज्याला त्याला 'नाही राहिलं' म्हणून सांगत बसावं लागलं. ते सांगणं मला त्या दुखण्यापेक्षा जास्त लागलं होतं. या वेळी तोंड बंद ठेवायचं असं मी ठरवलं होतं. आणि गिऱ्हाइकांना तर अजिबात कळू द्यायचं नव्हतं. बाईला दिवस आहेत कळलं की काम हळूच दुसरीकडे सरकतं, कारण सांगितलं जात नाही. ते मूल मला हवं होतं. दुसऱ्या कशाहीपेक्षा जास्त हवं होतं.

काम मात्र मजेत सुरू झालं. मी करडईचं फूल काढलं, केशरी, भरगच्च. फोटो पाठवला तर साळूबाईंचा लगेच फोन. "काटं कुटंयत?"

"काटे कशाला मावशी, लोकांना फूल आवडतं."

"करडीला काटं आसत्यात. काढताना हात फुटत्यात आमचे. काटं काढ."

मी काटे काढले, आणि फूल एकदम जिवंत दिसायला लागलं. मी हे त्यांना कबूल केलं नाही. पण अहोजाहो सोडून त्या अगं-तुगंवर आल्या होत्या, हे माझ्या लक्षात आलं आणि बरं वाटलं.

गणपतीच्या दिवसांत, सोसायटीत आरतीची गडबड चालू असताना, मला रक्तस्राव झाला. इम्रानने रिक्षा आणली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. बाळ ठीक होतं, पण त्यांचा चेहरा ठीक नव्हता. म्हणाल्या, "आता झोपून राहायचं. बसायचं नाही, जिना नाही, लॅपटॉप नाही. हे महिने काढले तर काढले." अम्मींनी मला आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत आणलं, कारण तिथून त्यांना स्वयंपाकघरातून माझ्यावर नजर ठेवता येत होती.

इम्रान म्हणाला, "साळूबाईंना फोन करून सांगू का? कलम आहेच तुझ्या करारात."

"नको," मी म्हटलं.

कलम होतं. मीच टाइप केलं होतं. पण खरं सांगायचं तर माझाच त्यावर भरवसा नव्हता. लोकांना कागदाचं महत्त्व पटवून देणारी मी, आणि मनातून मला वाटत होतं, दिवाळी समोर असताना कोण एका ओळीसाठी थांबणार आहे? लेबल जवळजवळ झालं होतं. अक्षरं तेवढी नीट बसवायची राहिली होती. अम्मी दुपारच्या नमाजाला उभ्या राहिल्या की मी उशाखालून लॅपटॉप काढायची, कुशीवर वळायची आणि एका हाताने काम करायची. नमाज संपला की परत उशाखाली. तेवढ्यात गोरक्षनाथचा निरोप आला, "मॅडम, छापखानेवाला इचारतोय." मी लिहिलं, "तब्येत जरा बरी नाही, पण उद्या नक्की पाठवते." आणि दुसऱ्या दिवशी पाठवलं. मान आखडली होती, पोटात बारीक कळ येत होती, तरी पाठवलं. आता कोणी काम काढून घेणार नाही म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला.

संध्याकाळी साळूबाईंचा फोन आला.

"तू आजारी हायेस म्हनं."

"थोडंसं, मावशी. विशेष नाही."

"मंग हे लेबल कवा केलं?"

"हे... या दोन-चार दिवसांत."

"म्हंजी आजारपनात केलं."

मी उशाखालचा लॅपटॉप आणखी आत सरकवला.

"मंग करार मोडलास तू. हे घ्यायचं न्हाई आपल्याला."

मला आधी वाटलं, चेष्टा करतायत. "मावशी, झालंय ते काम! फक्त छापायचं आहे!"

"झालं आसंल. घ्यायचं न्हाई. तूच लिवलंय, वाच." मग फोन बाजूला धरून, पण मला ऐकू येईल असं, "गोरख, ते मोबाईलमदलं पुसून टाक. म्हाज्यासमोर पुस."

"आये, आगं दिवाळी!" मागून गोरक्षनाथचा रडवेला आवाज.

"दिवाळी दरसाली येती," साळूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी इतकी चिडले की काय सांगू. आजवर मी करार लोकांच्या तोंडावर फेकत आले होते. माझ्याच करारातलं कलम माझ्याच तोंडावर कोणी फेकेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी बडबडत राहिले, ही बाई स्वतःला समजते कोण, तिला कामाची किंमत कळते का. अम्मी कणकेच्या हाताने बाहेर आल्या. सगळं ऐकलं. काही न बोलता त्यांनी उशाखालून लॅपटॉप काढला आणि आपल्या कपाटात ठेवून किल्ली कनवटीला लावली. म्हणजे त्यांना ठाऊक होतं! "मी बोलले असते तर तू ऐकलं असतंस?" त्या म्हणाल्या. "त्या बाईला अक्कल आहे." मग माझा राग कुठे गेला कोण जाणे, आणि मी खूप रडले. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. त्या फोनपासून मी खरीखुरी पडून राहिले.

काही दिवसांनी जिन्यात पुरुषी चपलांचा आवाज आला. साळूबाई आत आल्या, खुर्ची नाकारून माझ्या पलंगाच्या कडेला बसल्या. चादरीखालचं माझं पोट आता लपण्यासारखं राहिलं नव्हतं. त्या बघत राहिल्या.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?" मी विचारलं. "म्हणून कलम घातलंत?"

"न्हाई गं बया. म्या काय डाक्टर हाय? तुझ्या जागी बाप्या आसता तरी लिवाया लावलं आसतं."

"मग?"

अम्मी चहा त्यांच्या हातात देऊन दारातच थांबल्या.

"आमी ऊस तोडाया जायचो. नवरा-बायकू मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आन कागदावर अंगठं द्यायचे. एक दीस फडात न्हाई गेलं की खाडा. खाड्याचा दंड. म्हाजं दीस भरत आलं हुतं. पोटात कळा मारत हुत्या, तरी खाडा नगं म्हनून गेले. मोळी उचलली. फडातच झाली. पोरगी हुती. रडली न्हाई." त्या बशीत चहा ओतत होत्या. "कागुद त्योबी हुता, सुमैरा. पर लिवनारा एकटा मुकादम. आमचं निसतं अंगठं. तुझा कागुद ऐकला तवा वाटलं, ही बाई लिवू देती, तर आपुनबी एक वळ लिवावी."

मी त्यांचा हात धरला. अम्मींनी डोळ्याला पदर लावला.

दिवाळी त्यांची तशीच गेली. गोरक्षनाथने बाटल्यांवर साध्या चिठ्ठ्या चिकटवल्या. नगरच्या दुकानदारांनी त्या बघून नाकं मुरडली, टेम्पो अर्धा भरलेला परत गेला. हे मला त्यानेच नंतर सांगितलं. "लई शिव्या दिल्या मॅडम मनात," असंही म्हणाला. "तुमाला पन, आन आयेला पन." मला तो आवडतो. खोटं बोलत नाही. पण एवढं नुकसान सोसूनही त्याने काम दुसऱ्या कोणाला दिलं नाही. त्याची सही नव्हती करारावर, आईची होती. त्याने ती पाळली. त्या मायलेकांचं हे ऋण माझ्यावर आहे आणि मला ते फेडायचंही नाही, अंगावर वागवायचं आहे.

थंडीच्या शेवटी आमची मुलगी झाली. झाल्या झाल्या एवढी ओरडली की नर्स हसायला लागली. इम्रान बाहेर होता, त्याला भिंतीपलीकडून ऐकू आलं. मी पडल्या पडल्या म्हणत होते, ओरड बाई, ओरड, अजून ओरड.

करडईचं लेबल गुढीपाडव्याला छापलं. साळूबाईंनी छापील कागद हातात धरून काट्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "पसंत हाय." 'चालेल' नाही म्हणाल्या. आता खाड्याचं कलम माझ्या प्रत्येक करारात असतं, शेवटच्या ओळीसकट. काही गिऱ्हाइकं विचारतात, याने तुमचा काय फायदा? मी त्यांना सांगते, करार हा भांडणासाठी करत नाहीत. दोघांपैकी कोणाला काय सोसावं लागेल ते शांत डोक्याने आधी बघून ठेवण्यासाठी करतात. मला हे एका गिऱ्हाइकाने शिकवलं.

बाळ बघायला साळूबाई आल्या तेव्हा मालिशीसाठी तेलाचा डबा घेऊन आल्या. बाळाला घ्यायला मात्र हात पुढे करेनात. अम्मींनीच ती त्यांच्या मांडीवर ठेवली. त्या तिच्याकडे बघत बसल्या. मग अम्मींनी हळूच विचारलं, "तुमच्या त्या मुलीचं नाव काय ठेवणार होतात?"

साळूबाईंनी मान वर केली. "हे कुनी इचारलंच न्हाई आजवर," त्या म्हणाल्या. आणि बाळाचं दुपटं सारखं करत, अगदी हळू, "शेवंता."

आमच्या मुलीचं नाव मुबश्शिरा आहे. जन्माच्या दाखल्यावर तेच लिहिलंय, शाळेतही तेच लागेल. पण खाली टेम्पो थांबला की जिन्यातूनच "शेवंते!" अशी हाक येते, आणि ती हातातलं सगळं टाकून रांगत दाराकडे जाते. अम्मी तिला अडवत नाहीत, दार उघडून ठेवतात.